रूप, पारख आणि स्वाक्षरी

धनत्रयोदशीला घरात चांदीचे एखादे नाणे यावे, ही आपल्या घराघरांतील जुनी हौस आहे. चांदीला संस्कृतात ‘रूप्य’ म्हणतात. पाणिनीने या शब्दाच्या पोटी दोन अर्थ सांगितले आहेत. ज्यावर ठसा मारून रूप उमटविले ते रूप्य, आणि ज्याचे रूप वाखाणण्याजोगे तेही रूप्य. या दोन अर्थांची आठवण मला झाली ती थेट सातासमुद्रापार.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास कीर्तनासाठी न्यू जर्सीत एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. थोरल्या सूनबाई ताम्हन घेऊन आल्या. ताम्हनात पारदर्शक, टणक पेटीत बंद केलेले चांदीचे नाणे. “बुवा, पंचामृत घालायचे तर ही पेटी फोडावी लागेल. फोडू का?” इतक्यात धाकटे दीर धावत आले. “वहिनी, थांबा! पेटी फुटली तर नाण्याची निम्मी किंमत गेली!”

नाणे होते ‘अमेरिकन सिल्व्हर ईगल’. १९८५ च्या कायद्यान्वये अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने १९८६ पासून ते पाडावयास आरंभ केला. शुद्धता ९९.९ टक्के, चांदी एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम. दर्शनी मूल्य अवघे एक डॉलर. खरे मोल चांदीचे. पुढील बाजूस अॅडॉल्फ वाइनमन यांनी १९१६ साली अर्ध्या डॉलरसाठी घडविलेली चालती स्वातंत्र्यदेवता आहे. मागील बाजूचा गरुड जॉन मर्कंटी यांचा. तो १९८६ पासून २०२१ च्या मध्यापर्यंत राहिला. पुढे एमिली डॅमस्ट्रा यांनी रेखाटलेला गरुड आला.

हे नाणे पारखणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. पी.सी.जी.एस. १९८६ मध्ये, तर एन.जी.सी. १९८७ मध्ये सुरू झाली. एकाहून अधिक पारखी नाणे तपासतात आणि १ ते ७० या मापनात श्रेणी देतात. हे मापन विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी मांडले होते. न वापरलेल्या नाण्याची श्रेणी ६० पासून सुरू होते. ७० म्हणजे पाचपट मोठे करून पाहिले तरी दोष न आढळणारे. मग श्रेणी व क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह नाणे पेटीत कायमचे बंद होते. संग्राहक त्या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात.

आपल्याला हे अगदीच नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ आहे, आणि परीक्षणाचे शुल्क शेकडा एक अष्टमांश सांगितले आहे.

त्या पेटीतील चिठ्ठीवर मर्कंटी यांची स्वाक्षरी होती. हे गृहस्थ अमेरिकी टांकसाळीचे बारावे मुख्य उत्कीर्णक. ज्याच्या हातून गरुड घडला त्याच्याच हाताची सही, हे आकर्षण खरेच. परंतु सही कागदावर असते, चांदीवर नव्हे; आणि काही चिठ्ठ्यांवर ती हाताची नसून छापील असते, हे घेणाऱ्याने आधी विचारून घ्यावे.

येथे सावध राहावयास हवे. अशा नाण्याच्या किमतीत तीन वस्तू मिसळलेल्या असतात: चांदी, श्रेणी आणि सही. चांदीला रोजचा बाजारभाव आहे. सराफ तेवढेच मोल देतो. श्रेणीचे व सहीचे मोल द्यावयास तशीच आवड असलेला संग्राहक भेटावा लागतो. शिवाय ७० ही श्रेणी ऐकताना दुर्मीळ वाटली, तरी आधुनिक टांकसाळीचे काम इतके नेटके असते की अलीकडच्या नाण्यांत ती विपुल आढळते. दुर्मीळता संख्येत असते. २०१५ मध्ये ही नाणी ४ कोटी ७० लाख विकली गेली, १९९६ ची ३६,०३,३८६ च आहेत, तर १९९५ चे वेस्ट पॉइंट टांकसाळीचे प्रूफ नाणे केवळ ३०,१२५. पेट्यांचेही बनावट नमुने निघतात. म्हणून पेटीवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून मगच पैसे मोजावेत. आणि बंद पेटीतही चांदीवर कधी कधी दुधाळ डाग उमटतात, हेही ध्यानी असावे.

असो. मी सूनबाईंना म्हटले, “पेटी फोडू नका. दह्याचा आंबटपणा आणि पुसण्याचे फडके, दोन्ही या नाण्याला बाधतील. घासलेल्या नाण्याला पारखी अशी श्रेणी देत नाहीत. ते धाकट्यांच्या हौसेचे आहे, त्यांच्यापाशीच राहू द्या. पूजेला नाणे निष्कलंक हवे, असा काही नियम नाही.”

तेव्हा सासूबाई उठल्या आणि डब्यातून एक जुना चांदीचा रुपया घेऊन आल्या. तीन पिढ्यांच्या पंचामृताने त्यावरचा राजाचा चेहरा पुसट झालेला. शेल्डन यांच्या मापनात तो पार तळाशी गेला असता. सूनबाईंनी तो ताम्हनात ठेवला, धाकट्यांनी पेटी कपाटात ठेवली, आणि आम्ही पूजेला बसलो.