पॅकेजमध्ये काय आहे, काय नाही? यॉटवाल्यांकडून शिका

व्हिडिओत आपण ताडोबा सफारीचं पॅकेज विकण्याबद्दल बोललो. त्यातला भाव सांगण्याचा मुद्दा आज नीट बघू.

कॅरिबियन बेटांवर फिरायला पैसेवाली मंडळी आठवडाभरासाठी आख्खी यॉट भाड्याने घेतात. सोबत कप्तान, आचारी, खलाशी. भाव दोन पद्धतीने सांगतात. लहान बोटींवर बहुतेक वेळा जेवणखाण धरून एकच आकडा. मोठ्या यॉटवर भाडं वेगळं, आणि खर्चासाठी भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ. डिझेल, किराणा, बंदराचे पैसे कप्तान त्यातून भरतो, हिशोब ठेवतो. उरलं तर परत. बक्षिसी वेगळी, तेही आधीच सांगतात.

आता मोहर्ली गेटवर या. इथेही आख्खी जिप्सी घेता येते. सहा पर्यटक, सोबत ड्रायव्हर आणि गाइड. प्रवेश फी, जिप्सी, गाइड, तिन्हींचे पैसे वेगळे.

माझं पहिलं पॅकेज मी फोनवर एकच आकडा सांगून विकलं. गेटवर पाहुणे म्हणाले, "गाइडचे पैसे धरूनच सांगितले होते ना?" खिशातून भरले. नफा तिथेच संपला. चूक पाहुण्यांची नव्हती, माझी होती.

म्हणून पैसे घेण्याआधी व्हॉट्सॲपवर दोन याद्या पाठवा: यात काय आहे, यात काय नाही. आधी घरच्या कोणाला तरी वाचायला द्या. त्यांना जो प्रश्न पडेल, तोच पाहुण्यांना गेटवर पडणार.