परक्या मुलखातले दुकान

परदेशात जावे, बाहेरचा माल मागवावा, तेथल्या लोकांस विकावा आणि नफा गाठीस बांधावा, हा धंदा दुरून पाहणाऱ्यास सोपा वाटतो. आम्ही कामगारांत उभे आयुष्य घालवलेली माणसे. दुकानदाराचे गोडवे गाणे हे आमचे काम नव्हे. परंतु पूर्व आफ्रिकेतील हिंदी दुकानदाराची हकिकत पाहिली म्हणजे ध्यानात येते की या धंद्यात माल ही गोष्ट तिसरी. पहिली उधारी आणि दुसरी परवाना.

तरी मालापासूनच सुरुवात करू, कारण त्यात आपलाही धागा आहे. झांजीबारच्या किनाऱ्यावर अमेरिकेतून येणाऱ्या जाड कोऱ्या कापडाचा इतका खप होता की त्याचे नावच ‘मेरिकानी’ पडले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले व तिकडचा पुरवठा अडला. पुढे मुंबईच्या गिरण्या वाढल्या, तसे येथलेही कापड तिकडे जाऊ लागले आणि शतक सरता सरता त्याने अमेरिकन कापडास मागे रेटले. नाव मात्र मेरिकानीच राहिले! कोकणातून, साताऱ्याहून आलेल्या आमच्या गिरणी कामगाराने ज्याचे नाव ऐकले नव्हते अशा मुलखात त्याच्या हातचे कापड लोक नेसत होते.

1896 साली मोंबासाहून रेल्वे बांधण्यास सुरुवात झाली व 1901 साली ती व्हिक्टोरिया सरोवरास पोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले होते. त्यांतले बहुतेक परत आले. दुकाने घातली ती मुख्यतः स्वतंत्रपणे गेलेल्या कच्छी-गुजराती मंडळींनी. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, यावरून काय ते समजावे.

आता हा दुकावाला माल आणी कोठून? रोख पैसा त्याच्यापाशी नसे. बंदरावरची मोठी पेढी परदेशातून माल मागवी व आतल्या गावच्या घाऊक व्यापाऱ्यास मुदतीने देई. तो लहान दुकानदारास देई. दुकानदार मीठ, साखर, कापड, रॉकेल विके आणि शेतकऱ्याकडून मका, कातडी, तूप घेऊन तो माल उलट वाटेने बंदराकडे धाडी. त्यावर जुने देणे फिटे व नवा माल सुटे. समजा, बंदरावर 100 शिलिंगांचा माल उतरला. त्यावर जकात, रेल्वेचे भाडे, प्रत्येक पायरीचा नफा, मुदतीचे व्याज आणि बुडणाऱ्या उधारीची भर चढत जाई. गिऱ्हाइकास दिसे तो फक्त शेवटचा माणूस, तराजू हातात धरलेला! तो मापात मारत नसे असे आम्ही म्हणणार नाही. पण बंदरावरची पेढी कोणाच्या नजरेस पडत नसे, आणि राग काढावयास तर समोर माणूस लागतो.

मग आफ्रिकी माणसाने स्वतःच दुकान का घालू नये? कारण त्यास उधारी मिळत नव्हती. केनियाच्या वसाहती कायद्याने आफ्रिकी माणसास दिलेले कर्ज एका मर्यादेपलीकडे न्यायालयातून वसूल होत नसे. दुबळ्याचे रक्षण, असे याचे समर्थन होते. परिणाम असा की घाऊक व्यापारी त्याच्या दारी फिरकेना. उलट, केनियाच्या सुपीक उंच प्रदेशात गोऱ्यांखेरीज कोणास शेती मिळत नसल्याने हिंदी माणसास दुकानाची वाट उरली. एकास जमीन बंद, दुसऱ्यास भांडवल बंद, आणि दोघे एकमेकांवर गुरगुरत! ही भिंत ओलांडून मखनसिंग यांनी 1949 साली फ्रेड कुबाई यांच्या साथीने आफ्रिकी व हिंदी कामगारांचा एकच मध्यवर्ती संघ उभारला. 1950 साली त्यांना अटक झाली. सुटका झाली ती 1961 साली.

राहिला परवाना. 1963 साली केनिया स्वतंत्र झाला. नागरिक होण्यास दोन वर्षांची मुदत होती, पण अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच जवळ ठेवला. 1967 च्या कायद्याने अशा परकीयांना काही भागांत व काही मालांत व्यापार करण्यास बंदी झाली. 1968 साली ब्रिटननेही दार लोटून घेतले. दुकान येथले, पासपोर्ट तेथला आणि दोन्हीकडून नकार. युगांडाने 1969 साली तसाच कायदा केला. तोवर निदान कायदा तरी होता. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांस 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. हजारो कुटुंबे निघाली, बहुतेक ब्रिटनला.

मागे राहिलेली दुकाने बरीचशी लष्करातल्या व सरकारी मर्जीतल्या लोकांस वाटली गेली. फळ्यांवरचा माल विकून झाला आणि कित्येक ठिकाणी फळ्या रिकाम्याच राहिल्या. नव्या मालकास दुकान मिळाले, गल्ला मिळाला. परंतु माल मुदतीने देणारी पेढी त्यास ओळखत नव्हती.  1982 साली युगांडाने मालमत्ता परत करण्याचा कायदा केला. त्यानंतर काहीजण परतले.