मुळशीचा नकार

पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की भूगाव, भुकूम मागे पडतात आणि घाट ओलांडला की पिरंगुट लागते. कारखाने, गोदामे, गृहसंकुलांचे फलक, आणि त्यांच्या मधल्या बेचक्यांत तग धरून राहिलेली भातखाचरे. याच रस्त्याने पुढे गेले की पौड आणि त्यापुढे मुळशीचे धरण. पावसाळ्यात हजारो लोक तिथे सहलीला जातात. एखादे काम देशहिताचे आहे म्हणून माणसाची जमीन त्याच्या संमतीवाचून घेता येते का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इथल्या मावळ्यांनी, म्हणजे मावळातल्या शेतकऱ्यांनी, जिवाच्या करारावर विचारला होता.

तेव्हा मुंबईच्या अनेक कापड गिरण्या कोळशावर चालत. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी अडवायचे, ते पश्चिमेकडे कोकणात सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची, ही टाटांची योजना. १९१५ साली खोपोलीला अशी वीज सुरू झाली होती. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली आणि तिने मुळा-निळेच्या खोऱ्याची निवड केली. पुण्याकडे वाहणारे पाणी डोंगर पोखरून कोकणातल्या भिऱ्याला न्यायचे ठरले. सुमारे पन्नास गावे धरणाच्या सावटाखाली आली. १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. सरकारने उद्देश सार्वजनिक ठरवला की मालकाच्या होकाराची गरज उरत नसे.

त्या जमिनीची किंमत रुपयांत कशी मोजणार? उन्हाळ्यात फांद्या, पाला, शेणी पसरून राब भाजायचा. पाऊस सुरू झाला की तिथे बी टाकायचे. रोप तयार झाले की चिखलणी केलेल्या खाचरात लावणी करायची. डोंगरउतारावर एकेक खाचर बांधून काढायला कित्येक पिढ्या खपलेल्या असतात. भरपाईच्या कागदावर मात्र फक्त एकर लिहिलेले असतात.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पडले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पुढे पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे लढ्याचे नेतृत्व आले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केले. शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे हेही लढ्यात होते. मावळे बाया-पुरुष तुरुंगात गेले. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त टाटांना जाहीरपणे विनंती केली. एका गरीब माणसाचीही इच्छा मोडून योजना पुढे जाणार असेल, तर तिने देशाचे किती भले होईल, असा त्यांचा रोख होता.

तरीही लढा हरला. त्याचे कारण कंपनीच्या ताकदीइतकेच आपल्या माणसांतही होते. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेली होती. अनेकांना चांगला मोबदला मिळाला तर हवाच होता. देशी उद्योग वाढले पाहिजेत, ही स्वदेशीची शिकवणही अनेकांच्या मनात घट्ट होती. परक्या सरकारशी भांडताना जी शिकवण बळ देत होती, तीच आता कसणाऱ्याला ‘तुझा हट्ट देशाच्या आड येतो’ असे सांगू लागली. कोणताही आर्थिक विचार श्रद्धेच्या जागी बसला की असेच होते. त्याच्या नावाने दुसऱ्याचा त्याग मागणे सोपे जाते.

दुसरीकडे धर्मभावना होती. रामनवमीचा मुहूर्त, शपथ, जमीन ही आई: या भावनेशिवाय बाराशे माणसे उठली नसती, याबद्दल मला शंका नाही. पण शपथेचे बळ ती ज्याची त्याने घेण्यात असते. बापटांनी ती शेवटपर्यंत पाळली. न्यायासाठी बळ वापरावे आणि त्याची शिक्षा उघडपणे सोसावी, ही त्यांची भूमिका गांधींच्या अहिंसेशी जुळणारी नव्हती. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह कंपनीची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा स्वीकारली. मार्ग पटो न पटो, दुसऱ्याला मरायला सांगून आपण मागे राहायचे, असे त्यांनी केले नाही. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या संशोधनात या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

आज पिरंगुटला कोणी जमीन हिसकावून घेत नाही. मालक सही करतो, पैसे खात्यात येतात. पण एकरकमी पैसा हाताळण्याची सवय नसलेल्या घरात पुढे काय होते, हे २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या मराठी चित्रपटाने लाखो लोकांना दाखवले. संमतीचा प्रश्न जमिनीपुरताच नाही. ७ जून २०२१ रोजी जवळच्या उरवड्यात रासायनिक कारखान्याला आग लागली आणि सतरा कामगार गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. रोज कामावर जाणारी बाई स्वखुशीने जाते, असे आपण म्हणतो. आत कोणती रसायने आहेत, बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे तिला कोणी सांगितले नसेल तर त्या खुशीला फारसा अर्थ उरत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली, सामाजिक परिणामांचा अभ्यासही आणला. मावळ्यांचा प्रश्न कायद्यात यायला नव्वद वर्षे लागली. तरीही थेट सरकारी प्रकल्पाला या संमतीची अट नाही.

म्हणून विकासाच्या किंवा धर्माच्या नावाने कोणी काही मागायला आले, तर दोन गोष्टी विचाराव्यात. ज्याचे जाणार आहे त्याला सगळे खरे सांगितले आहे का? आणि तो ‘नको’ म्हणाला तर ते ऐकले जाईल का? पिरंगुटच्या ग्रामसभेत हे प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावता येतात, आणि ते लावलेच पाहिजेत. जिथे नकाराला जागा नाही, तिथल्या होकारावर कोणतीही योजना उभी करू नये, मग ती कितीही पवित्र असो वा कितीही फायद्याची.