हिरव्या कुंपणाची छाटणी

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबरच कामगारांसाठी नियोजित नगरही वसविण्यात आले. ‘सेक्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या विभागांत रस्त्यांच्या कडेने वृक्ष व झुडपे लावली गेली. पोलादाची भट्टी अहोरात्र तापलेली असते. त्यामुळे पाळी बदलते तेव्हा सायकली, मोटारी आणि पादचारी एकाच वेळी रस्त्यावर येतात. अशा नगरात कुंपणाची छाटणी हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १० मीटर अंतर कापते. चालकाची दृष्टी रस्त्यापासून सुमारे १.२ मीटर उंचीवर असते. कोपऱ्यावरील वई त्याहून उंच वाढली, तर आडव्या रस्त्याने येणारा सायकलस्वार त्याला वेळेवर दिसत नाही. लहान मूल तर याहून ठेंगण्या झुडपामागेही झाकले जाते. म्हणून चौकाजवळची वई गुडघ्याइतकीच ठेवणे इष्ट होय. पदपथावर झुकलेल्या फांद्याही तितक्याच घातक, कारण त्या पादचाऱ्याला वाहनांच्या वाटेवर उतरण्यास भाग पाडतात.

छाटल्याने झुडूप दाट का होते, हेही समजून घेतले पाहिजे. शेंड्यावरील कळीत ऑक्सिन हे संप्रेरक तयार होते व ते खालच्या कळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा खुडला की हा अटकाव दूर होऊन बाजूच्या कळ्या फुटतात. यास्तव मेंदी, कोयनेल यांसारख्या झुडपांची छाटणी ती लहान असतानाच सुरू करावी. वईचा तळ रुंद आणि माथा किंचित अरुंद राखावा. अन्यथा खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि बुंधे उघडे पडतात.

पावसाळ्यात वाढ झपाट्याने होते. त्या काळात कात्री वारंवार, परंतु हलक्या हाताने चालवावी. भर उन्हाळ्यात खोल छाटणी टाळावी, कारण एकाएकी उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने करपतात. छाटणीपूर्वी बुलबुलाचे वा शिंप्याचे घरटे आहे काय, हे पाहावे. शेवटी छाटलेल्या फांद्या तत्काळ उचलाव्यात; बोगनवेलीचा एक काटा सायकलीचे चाक पंक्चर करण्यास पुरेसा असतो, आणि पाळीवर वेळेत पोहोचणे त्या चाकावरच अवलंबून असते.