कंधार : डोंगराविना किल्ला

मराठी माणसाच्या मनातला किल्ला सह्याद्रीच्या माथ्यावर असतो. नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला मात्र मन्याडच्या खोऱ्यात, सखल जमिनीवर आहे. उंचीचा आधार नसताना हे गाव हजार वर्षं सत्तेचं ठाणं कसं राहिलं, याचं उत्तर पाण्यात आहे. बालाघाटच्या उतारावरून येणारी मन्याड पुढे मांजरेला मिळते. राष्ट्रकूटांनी इथे ‘जगत्तुंग समुद्र’ नावाचा तलाव बांधला आणि किल्ल्याभोवती खंदक फिरवला गेला. डोंगरकड्याचं काम इथे पाण्याने केलं.

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मळखेड. मग कंधारचं एवढं कौतुक का, असा आक्षेप येतो. पण त्या राजांच्या बिरुदांत ‘कंधारपुरवराधीश्वर’ आहे, आणि आडगावाच्या नावाने कोणी सम्राट मिरवत नाही. शिवाय क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष इथे सापडले. त्यातलं नुसतं दगडी पाऊल पाहिलं तरी अख्खी मूर्ती केवढी असेल, या विचाराने छाती दडपते. अशी मूर्ती घडवायला कारागीर, धान्य आणि राजाची मर्जी तिन्ही लागतात.

भुईकोट कच्चा, हा दुसरा आक्षेप. 1631 मध्ये मोगलांनी कंधार निजामशाहीकडून घेतला हे खरं, पण त्यासाठी त्यांना काही महिने वेढा घालून बसावं लागलं. किल्ल्याचं बळ तटाइतकंच पाण्यात होतं; म्हणूनच तटाची डागडुजी करताना खंदक आणि तलावाकडे दुर्लक्ष झालं, तर अर्धाच किल्ला वाचेल.