लेखाखालची सही

अवघड नैतिक प्रश्न चारचौघांत उपस्थित करण्याची जी वहिवाट मराठी नियतकालिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे शंभरेक वर्षे चालविली, तिचा इतिहास बहुधा मतामतांच्या झुंजीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विधवाविवाहाचा कैवार कोणी घेतला, संमतिवयाच्या कायद्यास विरोध कोणी केला, कोणाच्या कोटिक्रमाचे खंडन कोणी कसे केले, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी साक्षेपाने ठेविलेली आहे. तथापि त्या वादांकडे पुन्हा वळून पाहताना माझे लक्ष मतांपेक्षा एका निराळ्याच बाबीवर खिळते, ती म्हणजे लेखाखालची सही. प्रश्न विचारणाऱ्याने आपले नाव उघड केले की झाकले, आणि उघड केले असल्यास त्यापायी त्याला काय सोसावे लागले, हे एकदा पाहू लागले म्हणजे त्या काळाचे नीतिविषयक भय कोठे दडून बसले होते याचा पत्ता आपोआप लागतो.

भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून जी पत्रे प्रसिद्ध होऊ लागली, त्यांच्याखाली ‘लोकहितवादी’ एवढेच असे. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे त्या वेळी पंचविशीतले गृहस्थ, सरकारी नोकरीतले, जातीने ब्राह्मण. आणि शंभरांहून अधिक पत्रांतून त्यांनी आसूड ओढला तो मुख्यतः स्वजातीच्याच आळसावर, पोकळ विद्येवर आणि स्त्रियांविषयीच्या निष्ठुरतेवर. घरातल्या घरात असा प्रश्न विचारणारा मनुष्य टोपणनावाच्या आडोशाला उभा राहिला, यात भित्रेपणा शोधणे मला अन्यायाचे वाटते. जातीची पंगत, मुलांचे विवाह, मृत्यूनंतर खांदा देणारी माणसे, एवढे सारे ज्या समाजाच्या हाती गहाण पडलेले असे, त्या समाजाला दोष देणाऱ्याने निदान पहिली काही वर्षे तरी झाकल्या तोंडाने बोलावे, हे व्यवहाराला धरूनच होते.

परंतु याच्या अगदी उलट प्रकार सात वर्षांनी घडला. ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. तो लिहिणारी मुक्ता ही जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी होती, आणि तिचे नाव कोणापासून लपविलेले नव्हते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, हा तिने थेट ईश्वरालाच घातलेला प्रश्न पुढे शास्त्रीमंडळींच्या कोणत्याही परिषदेस सुटला नाही. लष्करातून निवृत्त होऊन कोकणात स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेत अस्पृश्यतेसंबंधी २६ प्रश्न मांडून धर्माच्या अधिकारी पुरुषांकडून त्यांचा जबाब मागितला, तोही स्वतःच्या नावानिशी. गावाने ज्यांना मुळातच वेशीबाहेर ठेविले होते, त्यांना बहिष्काराचा धाक कोणी आणि कसा घालावा? इभ्रत ज्यांच्यापाशी होती तेच तिच्या ओझ्याखाली वाकून टोपणनाव घेत. ज्यांना ती कोणी देऊच केली नव्हती, ते सही करून मोकळे होत.

हे अनुमान सर्वत्र लागू पडते असे मात्र नाही, आणि ते मोडणारी पहिली व्यक्ती बुलढाण्याची आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल १८८१ साली प्रथम फाशीची आणि नंतर सौम्य केलेली शिक्षा झाली. त्यावरून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिच्या संतापातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. दुर्गुण पुरुषांच्याही अंगी भरपूर असता बदनामी तेवढी बायकांचीच का, असे विचारणारी ही बाई प्रतिष्ठित मराठा कुळातली होती, आणि तिने नाव झाकले नाही. फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची पाठराखण केली हे खरे, पण त्या एका पुस्तकानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्या हाती आलेले नाही, आणि ते एकही जवळजवळ शतकभर विस्मृतीत पडले होते.

रखमाबाईंची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. दादाजी भिकाजी यांनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून १८८४ मध्ये फिर्याद गुदरली असता, १८८५ च्या जून व सप्टेंबर महिन्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे आली. ती रखमाबाईंचीच होती. वृत्तपत्रात नाव झाकता आले तरी न्यायालयाच्या दप्तरात ते झाकता येत नाही. न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने दिलेला निर्णय अपिलात टिकला नाही, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला की एक तर नांदावयास जावे, नाही तर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. संमतीवाचून बालपणी झालेला विवाह स्त्रीला बंधनकारक असावा का, हा प्रश्न त्यांनी आधी निनावी विचारला होता आणि नंतर देहानिशी. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडात वैद्यक शिकून आल्या आणि सुरतेस त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

नाव हे शस्त्र म्हणूनही कसे चालते याचा मासला पुण्यात १८९० साली पाहावयास मिळाला. पंचहौद मिशनात झालेल्या समारंभात चहा-बिस्किटे पुढे आली, आणि त्यास हजर असलेल्या मंडळींची यादीच गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे-वैभवा’त छापून टाकली. त्या यादीत रानडेही होते आणि टिळकही. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, आणि दोघांनाही आपापल्या परीने प्रायश्चित्ताची वाट शोधावी लागली. (गोपाळराव स्वतः तऱ्हेवाईक सुधारक, सुधारकांचे पितळ उघडे पाडण्यात त्यांना जो आनंद झाला असेल त्याची कल्पना सहज करता येते.) ख्रिस्त्याच्या हातचा चहा घेणे पाप की काय, याची तात्त्विक चर्चा त्या गदारोळात फारशी झालीच नाही. कोण होते आणि कोण नव्हते, एवढ्यावरच पुणे काही काळ रमले.

आगरकरांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचे धैर्य सर्वविदित आहे. ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही विचारणारे तेच आणि उत्तर देणारेही तेच, असा त्यांचा प्रपंच होता.

या दोन भूमिका पूर्णपणे वेगळ्या झाल्या त्या रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या हातून. विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या या गृहस्थाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. प्रचार की नोकरी, असा पेच पडताच १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. कर्व्यांचे लेख सडेतोड असत, परंतु मासिकाचे अंतःकरण वाचकांच्या प्रश्नांत होते असे मी मानतो. येथे प्रथमच प्रश्न विचारणारा समाजाची कैफियत मांडीत नव्हता. तो स्वतःच्या शय्यागृहाविषयी, स्वतःच्या वासनेविषयी आणि स्वतःच्या अपराधी भावनेविषयी विचारीत होता. घरात वडिलांना, देवळात पुजाऱ्याला आणि दवाखान्यात वैद्याला जे विचारण्याची छाती होत नसे, ते पोस्टाने कर्व्यांकडे येई. विचारणाऱ्याने कोण म्हणून विचारले याची चौकशी न करता कर्वे उत्तर देत, आणि त्या उत्तराची जबाबदारी संपादक म्हणून स्वतःच्या शिरावर घेत.

ती जबाबदारी त्यांच्याकडून रोख वसूल करण्यात आली. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा खटला मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो लेखावर नसून वाचकांना दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण हे त्यातले विषय. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. काळारामाच्या सत्याग्रहाचा आणि पुणे कराराचा तो काळ. अशा धामधुमीत एका बदनाम मासिकाची बाजू मांडण्याने राजकीय लाभ होण्याचा संभव नव्हता. लैंगिक शिक्षण हाच ज्या मासिकाचा विषय, त्याने वाचकांच्या शंकांना उत्तर का देऊ नये, आणि प्रश्न विकृत आहे असे मानले तरी ती विकृती ज्ञानावाचून कशाने दूर व्हावी, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयास तो पटला नाही, आणि दोनशे रुपये दंड झाला.

तो निकाल चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. अश्लीलतेची कायदेशीर व्याख्या काय असावी याबद्दल मतभेद संभवतो. पण गांजलेल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला दिलेले सरळ उत्तर हा गुन्हा ठरत असेल, तर प्रश्न न विचारणे हेच सदाचरण ठरते, आणि त्या सदाचरणाखाली किती संसार मूकपणे करपले हे ‘समाजस्वास्थ्या’कडे येणाऱ्या पत्रांवरून दिसत होते. कर्वे दंड भरून पुन्हा त्याच कामाला लागले. मासिक तोट्यात चाले, आणि पदरमोड करून ते सव्वीस वर्षे निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले. नोव्हेंबरचा अंक हा ‘समाजस्वास्थ्या’चा शेवटचा अंक ठरला.