तलावातील माशांचा आहार आणि यकृत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांत रोहू, कटला, मृगळ या माशांची जोपासना केली जाते. तलावात प्लवंगादी नैसर्गिक खाद्य मुबलक असेतोवर आहाराची चिंता नसते. परंतु मत्स्यबीज दाट सोडून केवळ कोंडा व पेंड यांवर भिस्त ठेवली, की वरून धष्टपुष्ट दिसणाऱ्या माशाच्या यकृतात मेद साचण्याचा संभव असतो.

यकृतातील मेद रक्तावाटे इतर अवयवांकडे जाण्यासाठी त्यावर एक विशिष्ट आवरण चढावे लागते. त्याच्या घडणीस कोलीन हे पोषकद्रव्य आवश्यक असते. ते अपुरे पडल्यास मेद तेथेच अडकतो, यकृत फिकट व फुगीर होते, वाढही मंदावते. खवट पेंडीने हानी अधिकच होते. स्वस्त मिळाली म्हणून पावसाळाभर साठविलेली पेंड शेवटी महागच पडते.

कोंड्यापेक्षा सोयाबीनच्या पेंडीत कोलीन अधिक असते. बाजारात कोलीन क्लोराइडची पूडही मिळते. मात्र ती पाण्यात सहज विरघळते. तलावावर नुसती फेकल्यास माशाच्या पोटी काहीच पडत नाही. ती खाद्यात नीट कालवून, गोळे करूनच द्यावी लागते.